अर्धं मिनिट आधी कळलेली चाल

एका हिवाळ्यात मी एका चांगल्या, धडधाकट माणसाला पटवून दिलं की त्याचं डोकं आता चालत नाही. भांडण केलं नाही, शिवी दिली नाही. बुद्धिबळाची स्पर्धा बघत, त्याच्याच घरात, त्याच्याच घरचा चहा पीत हे केलं. आणि त्याने मला जेव्हा सरळ विचारलं, तेव्हा खरं सांगायचं सोडून खोटं बोललो. ही चूक माझी आहे. मोबाईलची नाही, वयाची नाही आणि खेळाची तर नाहीच. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुठे मी स्वतःची बाजू सांभाळायला लागलो तर वाचणाऱ्याच्या ते लक्षात येईल.

मी अमडापूरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. तो माणूस म्हणजे निवृत्त एसटी वाहक. माझ्या नात्यातले नाहीत, पण सगळं गाव त्यांना काका म्हणतं, तसा मीही म्हणतो. मेहकर, चिखली, बुलढाणा या रस्त्यांवर त्यांनी जन्मभर घंटी वाजवली. कोणता माणूस कुठल्या फाट्यावर उतरतो, कोणाची लेक कुठल्या गावी दिली, हे त्यांना न विचारता ठाऊक असे. निवृत्त झाल्यावर ते पेपर वाचायला वाचनालयात येऊ लागले आणि कपाटावर धूळ खात पडलेला बुद्धिबळाचा पट त्यांनीच एक दिवस खाली काढला. तेव्हापासून चौदा-पंधरा वर्षं आम्ही खेळतो आहोत. मी जिंकलेले डाव दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील.

त्यांची खेळताना बोलायची सवय सुटली नव्हती. गाडीत बोलायचे तसंच बोलायचे.

"हा उंट विनातिकीट फिरून राह्यला बे तुहा. उतरव याले."

किंवा माझी प्यादी अडकून पडली की, "पुढं सरका, पुढं सरका, मांगं लय जागा खाली आहे."

वाचनालयात बसलेली माणसं हसायची. मीही हसायचो. पण दर वेळी हरून हसणाऱ्या माणसाच्या मनात काय साचतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

दर वर्षी जानेवारीत युरोपातल्या समुद्रकाठच्या एका लहानशा गावात एक मोठी स्पर्धा होते. जगातले निवडक खेळाडू दोन-अडीच आठवडे एकमेकांशी खेळतात. आपल्याकडची कोवळी पोरं आता तिथे जगज्जेत्यांच्या बरोबरीने बसतात, त्यामुळे आम्हाला त्या स्पर्धेचं वेडच लागलं होतं. तिथली दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. मी वाचनालय बंद करून साडेसहाला काकांच्या घरी जायचो. त्यांच्या मुलीने पुण्याहून मोठा टीव्ही पाठवला होता, पण घरात नेट नव्हतं. ते माझ्या मोबाईलवरून जोडायचं. टीव्हीवर हिंदी समालोचन लागायचं, आम्ही दोघांच्या मध्ये आमचा लाकडी पट मांडायचो आणि तिकडची प्रत्येक चाल इकडे लावायचो.

आमचा एक नियम होता. खेळाडू लांब विचारात पडला की आम्ही दोघांनी आपापला अंदाज चिठ्ठीवर लिहायचा. चिठ्ठ्या वाचनालयातल्या; रद्दी पुस्तकांतून काढलेल्या, मागच्या बाजूने कोऱ्या. लिहून बशीखाली ठेवायच्या, टीव्हीवर चाल पडली की उघडायच्या. ज्याचे अंदाज कमी जुळतील त्याने दुसऱ्या दिवशी ओल्या हरभऱ्याची टहाळ आणायची. आधीच्या सगळ्या वर्षी टहाळ मीच आणत आलो. काका बाजी मारायचे म्हणजे फार नव्हे. दहातले चार-पाच अंदाज जुळायचे. पण मोठ्या खेळाडूंच्या दहा चालींपैकी चार-पाच ओळखणं हे एका बस कंडक्टरसाठी काय आहे, ते बुद्धिबळ खेळणाऱ्यालाच कळेल. माझे दोन जुळायचे, कधी एकच.

त्या वर्षी तिसऱ्या का चौथ्या फेरीला टीव्हीवरचं चित्र अडकलं. नेट गेलं का ते बघायला मी मोबाईल उघडला. मोबाईलवर त्या स्पर्धेच्या चाली दाखवणारं पान उघडंच होतं. चित्र पुन्हा सुरू झालं तेव्हा टीव्हीवर खेळाडू अजून कपाळाला हात लावून विचार करत होता आणि माझ्या मोबाईलवर त्याची चाल पडून गेलेली होती. टीव्ही अर्धं मिनिट मागे होता. हत्ती देऊन प्यादं घेतलं होतं. असली चाल माझ्या स्वप्नातही आली नसती.

काकांची चिठ्ठी केव्हाच बशीखाली गेली होती. माझी कोरी होती. मी लिहिलं, हत्ती घेतो प्यादं.

टीव्हीवर हत्ती पडला तेव्हा काकांनी माझी चिठ्ठी दोनदा वाचली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अवं, इकडं ये! आपल्या बाबूनं हत्ती मारला!"

काकू पीठ लागलेल्या हाताने बाहेर आल्या. त्यांना बुद्धिबळातलं काही कळत नाही. "कोणाचा मारला?" त्यांनी विचारलं.

"कोणाचाबी असो. याच्या डोक्यात आला, हे पाह्य ना."

त्यांनी माझ्या पाठीवर जी थाप मारली ती मला आजही जाणवते. तेव्हाच सांगता आलं असतं. हसत हसत सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "चोट्टा आहे हा!" आणि विषय संपला असता. पण दुसऱ्या दिवशी ते बाजारात दोन-तीन माणसांना सांगताना मी ऐकलं, "आपला लायब्ररीवाला साधा नाही हो. थेट त्या पोरांसारखा इचार करते." मला आयुष्यात कोणी असं म्हटलं नव्हतं. मी परत तेच केलं.

मोबाईल हातात असण्याचं कारण माझ्याजवळ तयारच होतं. नेट चालू आहे का बघतो, एवढं म्हटलं की झालं. रोज नाही, प्रत्येक चालीला नाही. संशय येऊ नये म्हणून मधूनमधून मुद्दाम चुकायचोही. चिठ्ठी मात्र उशिरा लिहायचो. काकांना त्यातही माझा गुणच दिसला. "मी घाई करतो," ते म्हणाले. "जन्मभर गाडीत घाईच केली. तू उशिरा लिहितं, पण पक्कं लिहितं."

पहिल्यांदा टहाळ त्यांनी आणली तेव्हा ते हसले. चौथ्यांदा आणली तेव्हा हसले नाहीत.

इथे त्यांच्या भावाविषयी सांगायला हवं. त्यांचे थोरले भाऊ धाड या गावी मुलाकडे राहायचे. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांना विसरायला होऊ लागलं. आधी माणसांची नावं गेली, मग घराचा रस्ता गेला, मग मुलगाही ओळखू येईना. काकांना मात्र ते ओळखायचे. निदान त्यांच्या हातून जेवायचे. दुसऱ्या कोणी घास पुढे केला तर तोंड फिरवायचे. म्हणून काका दर बाजाराच्या दिवशी एकटे निघायचे, चिखलीला गाडी बदलायचे, धाडला जाऊन भावाला पोटभर जेवू घालायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे. हे सगळं मला माहीत होतं. हे माहीत असताना मी चिठ्ठ्या लिहीत होतो.

एका संध्याकाळी आपल्या एका पोराचा राजा मोठ्या अडचणीत सापडला. तो अर्धा तास हलला नाही. काकांनी पटावर राजा उचलला, परत ठेवला, आणि लिहिलं, राजा कोपऱ्यात. मी मोबाईल बघितला. पोराने वजिराला वजीर दिला होता. मी तेच लिहिलं. टीव्हीवर वजीर पडले, काकांनी स्वतःची चिठ्ठी चुरगाळली. तेवढ्यात नळाला पाणी आलं म्हणून ते मागच्या अंगणात टाकीची मोटार लावायला गेले. ते बाहेर असताना समालोचक म्हणाला, "यहाँ राजा को कोने में ही जाना था. वही एक चाल थी, अब मुश्किल है." काकांची चाल त्या पोराच्या चालीपेक्षा सरस होती. जगातल्या निवडक खेळाडूला जी सापडली नाही ती अमडापूरच्या एका कंडक्टरला सापडली होती.

काका हात पुसत आत आले. "काय म्हणून राह्यला तो?"

"कायी नाही," मी म्हणालो. "अवघड आहे म्हणते."

तो पोरगा पुढे तो डाव हरला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि माझ्याकडे वळून बसले. काकू घरात नव्हत्या. त्यांनी बहुधा मुद्दाम ती वेळ निवडली होती.

"बाबू, एक इचारतो. खरं सांगजो. तू रोज माह्यासंग बसतं. माह्यं डोकं बधिर होऊन राह्यलं का?"

"काऊन काका?"

"भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी हिशेबाच्या गोष्टी सुटल्या हातातून. मले पह्यले या चाली दिसत. आता नाही दिसत. परवा चिखलीच्या स्टँडवर मले दोन मिनिटं समजलंच नाही, धाडची गाडी कोठी लागते. तीस वर्ष त्या स्टँडवर काढले मी."

दोन मिनिटं फलाट न आठवणं कोणालाही होतं. मला रोज होतं. हे म्हणायचं होतं. त्याऐवजी मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो.

मी म्हणालो, "वयानं होतेच काका थोडंफार."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. डॉक्टरपेक्षा जास्त होता, कारण डोकं कसं चालतं हे मी पटावर रोज बघत होतो असं त्यांना वाटत होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते धाडला गेले नाहीत. काकूंनी कारण विचारलं तर म्हणाले, "रस्त्यात हरपलो तर तू कोठी कोठी धुंडशील? भाऊ एकदा स्टँडवर दिवसभर बसून राह्यला होता, आठवते ना?" त्याच्या पुढच्या आठवड्यातही गेले नाहीत. कोणीतरी सोबत हवं होतं. काकूंचे गुडघे दुखायचे. मी म्हणालो, मी येतो. एका आठवड्याला वाचनालयाची तपासणी निघाली, दुसऱ्या आठवड्याला माझ्या घरी पाहुणे आले. कारणं खरी होती. पण काकांच्या शेजारी एसटीत तीन तास बसायची मला भीती वाटत होती, हेही तितकंच खरं होतं.

तोवर स्पर्धा संपली होती. काकूंनी त्यांना बुलढाण्याला डॉक्टरकडे नेलं. परत आल्यावर ते वाचनालयात आले.

"काय म्हणे डॉक्टर?"

"म्हणते कायीच नाही. मले वार इचारला, महिना इचारला. शंभरातून सात वजा कर, मंग अजून सात वजा कर. मी तिकिटं फाडेल माणूस, मले वजाबाकी झोपेत येते. त्यानं एक चाल तरी इचारली का? त्याले काय कयते!"

वाचनालयातला एक जण हसला. काकाही हसले. मी पुस्तकांवर शिक्के मारत राहिलो.

फाल्गुनात धाडहून पुतण्याचा फोन आला की थोरल्यांचं जेवण कमी झालंय, काका आल्याशिवाय ते नीट खात नाहीत. काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा मला राहवलं नाही. त्याच संध्याकाळी मी काकांकडे गेलो आणि म्हणालो, "काका, त्या चिठ्ठ्या मी कधीकधी मोबाईलमधी पाहून लिहो."

कधीकधी. कबुली देतानाही मी हात आखडताच घेतला.

काकांनी माझा गुडघा थोपटला. "माह्यं मन राखून राह्यला का बाबू?"

"नाही काका, खरंच."

"मले नको शिकवू. भाऊ पह्यल्यांदा घराचा रस्ता चुकला ना, तवा मी त्याले काय सांगतलं होतं? म्हणलं, रस्ताच नवा झाला, मीबी चुकलो. चुकलो नव्हतो. पण सांगा लागते. तू चांगलं पोरगं आहे."

मी त्यांना पुन्हा पटवायला हवं होतं. ओरडून सांगायला हवं होतं, पाया पडून सांगायला हवं होतं. मी घरी आलो. वाटेत मला मोकळं वाटत होतं. सांगून झालं, त्यांनीच मानलं नाही, आता माझा काय दोष, अशी मनाची समजूत काढत मी चालत होतो. लबाडीबद्दल मला जेवढी लाज वाटते त्याहून जास्त त्या मोकळेपणाची वाटते.

चैत्रात थोरले गेले. वय झालं होतं, आजार जुना होता. काका गेले असते तरी ते वाचले असते असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी काका-काकूंसोबत धाडला गेलो. भन्तेजींची बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि पुतण्याची बायको ताटं उचलता उचलता सहज बोलून गेली, "शेवटी शेवटी कोणाच्याच हातचं खाल्लं नाही त्याईनं." टोमणा नव्हता. नंतर कोणी पाहुणा भेटला की काका आपणहून सांगायचे, "मले येता नाही आलं. माह्यं डोकं बरोबर नाही आता." एखाद्याने पाय मोडला म्हणून सांगावं, तसं सांगायचे. मी शेजारी उभा राहून ते चार वेळा ऐकलं.

त्यानंतर आठवड्याभराने मी त्यांच्या घरी गेलो. युरोपात दुसरी एक स्पर्धा सुरू होती. काकांनी टीव्ही लावायला नको म्हटलं. "मले आता त्याच्यातलं कायी समजत नाही बाबू."

"एकच डाव, काका. माह्यासाठी."

मी टीव्ही जोडला आणि माझा मोबाईल त्यांच्या हातात दिला. "आज तुमी हा धरा. टीव्हीकडं मी पाह्यतो."

ते चष्मा लावून बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांच्या हातातल्या पडद्यावर घोडा हलला. त्यांनी टीव्हीकडे बघितलं. टीव्हीवर खेळाडू हनुवटी धरून बसला होता. काका परत मोबाईलकडे, परत टीव्हीकडे. मग टीव्हीवर हात पुढे आला आणि तोच घोडा त्याच घरात गेला. दुसऱ्या चालीला तसंच झालं. तिसरीला मोबाईलवर चाल पडली तशी त्यांनी ती तोंडाने म्हटली, "हत्ती शेवटच्या घरात," आणि टीव्हीवर तो हत्ती येईपर्यंत बोटांनी खुर्चीचा हात धरून बसले.

हत्ती आला.

"तू रोज असंच करे?"

"हाव. बऱ्याच वेळा."

"मंग माह्यं डोकं?"

"शाबूत आहे काका. तुमचे अंदाज दर वर्षी जेवढे जुळत तेवढेच जुळले होते. माहे खोटे होते. एक दिवस तुमी राजा कोपऱ्यात लिहिलं होतं, ती चाल त्या पोरापेक्षा चांगली होती. टीव्हीवर तसं सांगतलंबी. तुमी मोटार लावाले गेले होते. मी तुमाले सांगतलं नाही."

त्यांनी मोबाईल अलगद टीपॉयवर ठेवला. ते दाराकडे वळून बसले. बाहेर अजून उजेड होता, रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मग त्यांनी विचारलं, आणि आवाज अजिबात चढला नव्हता,

"मंग मी धाडले काऊन नाही गेलो?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर बोलायचं नाही असं मी मनात ठरवून आलो होतो. मी खुर्चीवरून उठून खाली, त्यांच्यासमोर बसलो.

"माह्यामुळं," मी म्हणालो. "तुमी मले इचारलं होतं आणि मी खोटं बोललो. मले माहीत होतं, तुमी गेले नाही तर भाऊ जेवणार नाही. तरी चूप बसलो. शिवरात्रीनंतर सांगतलं तेबी अर्धंच सांगतलं, आणि तुमी मानलं नाही याचा मले आनंद झाला. तुमचं डोकं कधीच गेलं नव्हतं काका. तुमचा भाऊ मी तुमच्यापासून तोडला. ते दिवस मले परत देता येत नाही. मी तुमची माफी मागतो. काकू, तुमचीबी मागतो."